अब्बांचं लंडन

मे महिन्याच्या मध्यावर हीथ्रो विमानतळावर आम्ही दोघं आणि आमची दोन्ही मुलं अब्बा-अम्मींची वाट पाहत उभे होतो. दार उघडलं आणि आधी व्हीलचेअरवर बसलेल्या अम्मी दिसल्या, मागोमाग नवा कोट घातलेले अब्बा. अम्मींचे डोळे भरून आले होते. अब्बांनी सलामाचं उत्तर दिलं, नातवंडांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घड्याळ बघत म्हणाले, "गाडी चाळीस मिनिटं लेट होती."

गाडी म्हणजे विमान! अब्बांची उभी हयात एसटीत गेली. कंडक्टर म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यासाठी जे सुटतं आणि पोचतं ती सगळी गाडीच.

अब्बा-अम्मी आमच्यापैकी एकाचे जन्मदाते, दुसऱ्याचे सासू-सासरे. बारा वर्षांच्या संसारात तो फरक उरलेला नाही, म्हणून इथं आम्ही दोघं मिळूनच लिहीत आहोत. त्या उन्हाळ्यात आमचं काय चुकलं आणि ते कसं थोडंफार सावरलं, ते सांगावंसं वाटलं. आज कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांतली मुलं आखातात, इंग्लंडात, कॅनडात आहेत आणि आई-वडिलांना एकदा तरी बोलवायचं हे प्रत्येकाच्या मनात असतं.

तयारी झाली, असं वाटलं

कागदपत्रांची तयारी आम्ही चोख केली होती. ब्रिटनच्या पाहुण्यांच्या व्हिसावर एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. आम्ही तीन महिन्यांचं तिकीट काढलं. अम्मींना मधुमेह आणि गुडघेदुखी, अब्बांना रक्तदाब. इथं पाहुण्यांना इस्पितळात दाखल व्हायची वेळ आली तर खर्च मोफत नसतो, उलट नेहमीच्या दराच्या दीडपट बिल लागतं. म्हणून जुनी दुखणी न लपवता, ती धरूनच प्रवासविमा काढला. तीन महिन्यांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवायला सांगितली. व्हीलचेअर तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे मागून ठेवली. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत, फक्त आधी सांगावं लागतं.

इंग्लंडात येताना भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, हे अम्मींना फोनवर तीनदा बजावलं. तरी नातवंडांसाठी घेतलेले पेढे आदल्या रात्री बॅगेतून काढताना त्या हळहळल्या. त्यांच्या जागी आमसुलं, तांदळाचं पीठ आणि घरचा मसाला आला.

घरही लावलं. खालच्या मजल्यावरची बैठकीची खोली त्यांना दिली. मोरीत पाण्याचा बदना ठेवला, वुजू करताना पाय धुवायला बसता यावं म्हणून बुटकं स्टूल आणलं. किबल्याची दिशा दाखवणारी खूण भिंतीवर चिकटवली. आणि फ्रिजच्या दारावर एक यादी लावली: लंडनमधली बारा ठिकाणं, प्रत्येकापुढे तारीख. तिकिटंसुद्धा आधीच काढून ठेवली.

चूक त्या यादीतच होती, पण ते कळायला तीन आठवडे लागले.

तिसरा रविवार

आम्ही इलफर्डला राहतो, लंडनच्या पूर्वेला. आमच्याकडे हलाल मटणाची दुकानं आहेत, मशिदी आहेत, रस्त्यावर उर्दू, बंगाली, गुजराती कानावर पडते. आम्हाला वाटलं होतं, अब्बा-अम्मींना इथं करमेल. पण सोमवार ते शुक्रवार आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर, मुलं शाळेत. संध्याकाळी सहाला घर पुन्हा जागं व्हायचं. मधले दहा तास दोघंच. शेजारचं दार कधी उघडायचं नाही. विजेची शेगडी अम्मींना उमजेना. एकदा त्यांनी तव्यावर सुका बोंबील भाजायला घेतला आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही वाजला की त्या घाबरून अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर त्यांनी शेगडीला हात लावला नाही. आम्ही सकाळी डबे भरून ठेवायला लागलो. अब्बा खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्या मोजायचे.

शनिवार-रविवारी मात्र आम्ही यादी हाती घ्यायचो. राजवाडा, मोठं घड्याळ, नदीवरचं अजस्र चाक, मेणाचे पुतळे. एका दिवसात तीन-तीन ठिकाणं. फोटो खूप निघाले. त्या फोटोंत अम्मी कुठेही हसताना दिसत नाहीत, हे आम्ही नंतर पाहिलं.

तिसऱ्या रविवारी भुयारी रेल्वेच्या एका जुन्या स्टेशनात लिफ्ट नव्हती. अर्ध्या जिन्यावर अम्मी बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही बघून या. मी इथं बसते, मला काही होत नाही."

आम्ही म्हणालो, "अम्मी, तिकिटावर वेळ टाकलेली असते. दहा मिनिटं उरलीत. जरा पाय उचला ना."

शब्दांपेक्षा सूर वाईट होता. आई-वडिलांना 'उफ्' सुद्धा म्हणू नये, हे आम्ही दोघंही लहानपणी मदरशात शिकलो होतो. 'उफ्' आम्ही म्हटलं नव्हतं, पण त्याहून वेगळं काय केलं होतं? अम्मी भिंत धरून उठल्या आणि चढल्या. अब्बा दिवसभर बोलले नाहीत. रात्री इशानंतर म्हणाले, "आमचं तिकीट जरा अलीकडचं करून द्या."

दाराची किल्ली

जूनमधली इशा म्हणजे इथं जवळजवळ मध्यरात्र. सूर्य सव्वानऊनंतर बुडतो, त्यानंतर मगरिब, मग कितीतरी वेळ उजेड रेंगाळतो. मुलं झोपली होती. आम्ही चौघं स्वयंपाकघरात बसलो.

आम्ही विचारलं, "अब्बा, काय कमी पडलं?"

"कमी काही नाही," अब्बा म्हणाले. "जास्तच झालं. डेपोत मी रोज साठ-साठ गाड्या सोडायचो. कोणती कुठे गेली, कधी येईल, सगळं मला ठाऊक असायचं. इथं तुम्ही मला सकाळी घरात ठेवता, रविवारी बाहेर काढता. बाबांनो, तीन आठवडे झाले, या घराच्या दाराची किल्लीसुद्धा माझ्याकडे नाही."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. किल्ली द्यायची आम्हाला सुचलीच नव्हती. बाहेर पडले तर रस्ता चुकतील, पडतील, कोणी फसवेल अशी भीती होती. लहान मुलांसाठी घेतो तशीच काळजी आम्ही त्यांची घेत होतो.

मग आम्ही पहिल्यांदा विचारलं, "तुम्हाला काय बघायचंय?"

अम्मी पटकन म्हणाल्या, "मुलांची शाळा. तुमची दोघांची ऑफिसं, निदान बाहेरून तरी. मी गावाला लोकांना काय सांगू, तुम्ही कुठं जाता, काय करता? आणि एक जुमा मशिदीत पढायचाय." आमच्या गावच्या मशिदीत बायकांसाठी जागा नाही. सत्तरीला आलेल्या अम्मींनी आयुष्यात एकही जुमा जमातीनं पढला नव्हता आणि ती इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती.

अब्बा थोडं थांबून म्हणाले, "माझ्या वडिलांची गोदी बघायचीय."

ती रात्र संपायच्या आत फ्रिजवरची यादी काढली गेली.

दुसऱ्या दिवशी अब्बांना किल्ली मिळाली, इथलं सिमकार्ड असलेला फोन मिळाला आणि बस-रेल्वेसाठी एक कार्ड. पत्ता लिहिलेला कागद त्यांनी आपणहून पाकिटात ठेवला. चौथ्या दिवशी ते एकटे बसनं जाऊन आले. वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर बसून! "कंडक्टर नाही हो गाडीत," हे त्यांनी दोनदा सांगितलं. लंडनच्या जुन्या, मागून उघड्या लाल बसगाड्या २००५ साली नेहमीच्या सेवेतून गेल्या आणि त्यांच्याबरोबर कंडक्टरही. अब्बांना त्याचं खरंच वाईट वाटलं.

अम्मींसाठी स्वयंपाकघरात लोखंडी तवा आणि बाहेरच्या ओसरीत एक छोटी गॅसची शेगडी आली. तिथं धूर झाला तरी भोंगा वाजत नाही. दोन दिवसांनी घरी परतलो तर दारातच तांदळाच्या भाकरीचा वास आला. त्या दिवशी अम्मींनी शेजारच्या दारावर स्वतः जाऊन दोन भाकऱ्या दिल्या होत्या. भाषा कोणती वापरली ते त्यांनाच ठाऊक. पण पुढच्या आठवड्यात ते दार उघडलं आणि शेजारीण बाई डब्यात सफरचंदाचा केक घेऊन आल्या.

अम्मींचा जुमा

जुम्याला आमच्यापैकी एकानं सुटी घेतली. पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल रस्त्यावर ईस्ट लंडन मशीद आहे. तिथं बायकांसाठी मरियम सेंटर नावाची वेगळी इमारतच २०१३ पासून आहे. लिफ्ट आहे, वुजूची नीट सोय आहे, गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या आहेत. अम्मी खुर्चीवर बसून नमाज पढल्या. शेजारी एक सोमाली आजी होत्या. सलाम फेरल्यावर त्या आजींनी अम्मींचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. बाहेर आल्यावर अम्मी म्हणाल्या, "इतक्या बायका एका सफेत! मला वाटलं, माझ्या आईलाही हे बघायला मिळायला हवं होतं."

मग एका शनिवारी आम्ही त्यांना वोकिंगला नेलं. लंडनच्या नैऋत्येला हे गाव आहे, वॉटर्लू स्टेशनातून रेल्वेनं अर्ध्या तासावर. नमाजासाठी म्हणूनच बांधलेली ब्रिटनमधली पहिली मशीद इथली, १८८९ सालची. लाइटनर नावाच्या प्राच्यविद्येच्या अभ्यासकानं ती बांधवून घेतली आणि त्यासाठी मोठी मदत केली ती भोपाळच्या सुलतान शाहजहाँ बेगम यांनी. म्हणून तिचं नावही शाहजहाँ मशीद. मशीद लहानशी आहे, घुमट हिरवा, भोवती झाडं. एका बाईच्या पैशातून विलायतेतली पहिली मशीद उभी राहिली, ही गोष्ट अम्मींनी आमच्याकडून पुन्हा सांगून घेतली.

तिथून जवळच ब्रुकवुडचं मोठं कबरस्तान आहे. तिथं कुरआनचे दोन प्रसिद्ध इंग्रजी तर्जुमाकार दफन आहेत. एक मार्माड्यूक पिक्थॉल, इंग्रज नवमुस्लिम. ते मुंबईच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते आणि पुढे निजामाच्या हैदराबादेत राहिले. दुसरे अब्दुल्लाह युसुफ अली, १८७२ साली मुंबईत जन्मलेले. त्यांचा तर्जुमा अब्बांच्या कपाटात आहे, निवृत्तीनंतर रोज एक पान वाचण्याचा त्यांचा नेम आहे.

अब्बांना ठाऊक नव्हतं ते आम्ही सांगितलं. एवढा मोठा विद्वान, इंग्रजी अमदानीत बडे हुद्दे भूषवलेला माणूस, पण घर मोडलेलं, मुलांशी संबंध तुटलेले. १९५३ च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत ते लंडनच्या रस्त्यावर निराधार अवस्थेत पोलिसांना सापडले आणि लगेचच इस्पितळात त्यांचा इंतिकाल झाला. मय्यत घ्यायला घरचं कुणी आलं नाही. पाकिस्तानच्या वकिलातीनं दफनाची व्यवस्था केली.

अब्बांनी फातिहा पढली. अम्मींनी एवढंच विचारलं, "त्यांच्या मुलांना कुणी कळवलं नसेल का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

त्या रात्री आम्ही मनातली गोष्ट काढली. गावच्या घरी दोघंच असतात. पावसाळ्यात रात्री-अपरात्री काही झालं तर? इथंच राहता आलं तर? पण कायदा आम्ही आधीच पाहून ठेवला होता. २०१२ पासून ब्रिटनमध्ये आई-वडिलांना कायमचं बोलावणं जवळजवळ अशक्य झालं आहे. रोजची कामंही स्वतःला करता येत नाहीत आणि मायदेशात पैसे मोजूनही देखभाल मिळत नाही, असं सिद्ध करावं लागतं. म्हणजे चालत्या-फिरत्या आई-वडिलांना दार बंद आणि जे अंथरुणाला खिळले त्यांना प्रवास झेपत नाही.

अब्बा शांतपणे म्हणाले, "दार उघडं असतं तरी आम्ही राहिलो नसतो. तिथं माझी मशीद आहे, चार माणसं आहेत. वाडी आहे. पण एक सांगतो, आम्ही तिथं एकटे आहोत असं समजून मनाला लावून घेऊ नका. आणि एकटे नाही असं समजून विसरूही नका."

तीन गोद्या

अब्बांचे वडील, म्हणजे आमचे दादा, जहाजावर होते. दाभोळ खाडीच्या काठची आमच्याकडची कितीतरी माणसं तेव्हा बोटीनं मुंबईला जायची आणि मुंबईहून विलायती कंपन्यांच्या जहाजांवर चढायची. डेकवर कोकणचे आणि काठेवाडचे खलाशी, प्रवाशांच्या दिमतीला गोव्याचे लोक, खाली भट्टीजवळ पंजाबी आणि पठाण, अशी कामाची वाटणीच असायची. दादा खलाशी म्हणून लागले आणि टंडेल होऊन घरी आले. इंग्रज लोक या सगळ्यांना 'लॅस्कर' म्हणत. शब्द आपल्या 'लष्कर'वरूनच गेलेला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या कामगारांपैकी सुमारे चौथा हिस्सा या लोकांचा होता. पगार मात्र गोऱ्या खलाशांपेक्षा कितीतरी कमी.

दादांनी अब्बांना लहानपणी सांगितलं होतं: लंडनला तीन गोद्या शेजारी शेजारी आहेत. एक राणीच्या नावाची, एक तिच्या नवऱ्याच्या आणि एक राजाच्या. आम्ही नकाशा उघडला. रॉयल व्हिक्टोरिया डॉक, १८५५. रॉयल अल्बर्ट डॉक, १८८०. किंग जॉर्ज पंचम डॉक, १९२१. तिन्ही खरोखरच एकमेकींना लागून! बारा वर्षं आम्ही इथून पाच-सहा मैलांवर राहतो आणि त्या तीन नावांमागचा हा सोपा हिशेब आम्हाला माहीत नव्हता. अब्बांना तो गावात बसून ठाऊक होता.

एका रविवारी व्हाइटचॅपलला गाडी बदलून आम्ही कस्टम हाउस स्टेशनवर उतरलो आणि पुढे छोट्या रेल्वेनं अल्बर्ट गोदीकडे गेलो. त्या दिवशी तेवढंच एक ठिकाण ठरवलं होतं. लिफ्ट कुठं आहेत ते आदल्या रात्री पाहून ठेवलं होतं.

गोद्यांत आता मालाची जहाजं येत नाहीत, १९८१ मध्ये त्या बंद झाल्या. अल्बर्ट आणि जॉर्ज गोदीच्या मधल्या पट्टीवर १९८७ पासून विमानतळ आहे. या काठाला विद्यापीठाच्या इमारती. मध्ये लांबच लांब, संथ, करडं पाणी. अब्बा कठड्याला हात टेकून उभे राहिले. आम्हाला वाटलं, त्यांची निराशा होईल, कारण बघण्यासारखं काहीच नव्हतं. पण ते नातवंडांना सांगायला लागले: इथं शिडी लागायची, धुक्यात समोरचा माणूस दिसायचा नाही, पायात मोजे दोन-दोन, सुटीच्या दिवशी सगळे मिळून जुन्या बाजारात जायचे. तिथूनच दादांनी जुनं सिंगरचं शिलाई मशीन घेतलं आणि ते मुंबईहून दाभोळपर्यंत बोटीनं आणलं.

"आपल्या घरातलं मशीन?" धाकटीनं विचारलं.

"तेच. तुझ्या अब्बूंचे शाळेचे शर्ट मी त्याच्यावर शिवलेत," अम्मी म्हणाल्या.

मुलांना आजवर वाटत होतं, लंडनला आलेले त्यांच्या घरातले पहिले लोक म्हणजे आम्ही. त्या दिवशी हिशेब बदलला. समोरच्या धावपट्टीवरून विमानं उडत होती. अब्बांनी घड्याळ काढून दोन-तीन विमानांच्या वेळा पाहिल्या आणि म्हणाले, "गाड्या वेळेवर सोडतात."

दगडावर नसलेलं नाव

गोदीवर असतानाच अब्बांनी दुसरी गोष्ट काढली. दादांचे थोरले भाऊ, आमचे मोठे दादा, लढाईत जहाजाबरोबर बुडाले. मय्यत मिळाली नाही, कबर नाही. दादा म्हणायचे, "त्याचं नाव लंडनला दगडावर कोरलंय." कुणीतरी त्यांना तसं सांगितलं होतं.

असं स्मारक आहे. टॉवर हिल स्टेशनाबाहेर, प्रसिद्ध किल्ल्याच्या समोरच्या बागेत. हजारो पर्यटक किल्ला बघायला जातात, बागेकडे फारसं कुणी वळत नाही. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या आणि ज्यांची कबर नाही अशा व्यापारी जहाजांवरच्या आणि मच्छीमार बोटींवरच्या माणसांची सुमारे ३६ हजार नावं इथं आहेत. पहिल्या युद्धाचा भाग १९२८ चा, दुसऱ्याचा १९५५ चा. नावं जहाजांप्रमाणे लावलेली आहेत.

मोठ्या दादांच्या जहाजाचं नाव अब्बांना आठवत नव्हतं. आम्ही पाच जणांनी भिंती वाटून घेतल्या. मुलं खालच्या ओळी वाचत होती, आम्ही वरच्या. अम्मी बाकावर बसून तसबीह ओढत होत्या. दीड तास गेला. स्मिथ, जोन्स, मॅकडोनाल्ड, ब्राउन. आमच्या गावाकडचं वाटावं असं एकही नाव आम्हाला सापडेना. अब्बा शेवटच्या भिंतीपाशी थांबले. "दादांनी खोटं सांगितलं नसेल," एवढंच म्हणाले.

घरी येऊन आम्ही युद्धकबरींची नोंद ठेवणाऱ्या आयोगाची माहिती शोधली. तेव्हा उलगडा झाला. हिंदी खलाशांची नावं टॉवर हिलला नाहीत. दुसऱ्या युद्धात गेलेल्या, कबर नसलेल्या सुमारे साडेसहा हजार हिंदी नौसैनिकांची आणि खलाशांची नावं एका नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत चितगावला आणि एक मुंबईत, मस्जिद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये.

अब्बा खुर्चीतून उठलेच. "मस्जिद बंदर? अरे, डोंगरीतल्या आपल्या जमातीच्या खोलीपासून चालत जायचं अंतर! मी त्या रस्त्यानं शंभर वेळा गेलो असेन."

आम्हाला राग आला होता. त्याच समुद्रात, त्याच जहाजावर मेलेल्या माणसांची नावं अशी वेगळी का ठेवायची? अब्बा मात्र म्हणाले, "राग ठेवा. पण बरं झालं एका अर्थी. घरच्या माणसांना जाता येईल अशा जागी आहे."

परतीची गाडी

तिकीट पंधरा दिवस अलीकडे आलंच. कौलं गळत असल्याचा शेजाऱ्यांचा फोन आला आणि अब्बांचं मन लागेना. आम्ही आग्रह केला नाही. बारापैकी पाच ठिकाणं राहून गेली, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

आई-वडिलांना बोलावणाऱ्यांना अनुभवावरून दोन-चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिल्या दिवशी किल्ली द्या. पहिल्या आठवड्यात कुठंही नेऊ नका; झोप, जेवण आणि नमाजाच्या वेळा बसू द्या. एका दिवशी एकच ठिकाण ठरवा आणि तिथं बसायला जागा, स्वच्छतागृह आणि लिफ्ट आहे का ते आधी पाहा. घरात त्यांच्या हाताला काम असू द्या, 'तुम्ही बसा' असं सारखं म्हणू नका. मुलांना त्यांच्याबरोबर एकटं सोडा. आणि काय दाखवायचं हे ठरवण्याआधी काय बघायचंय ते विचारा. आम्ही हे तीन आठवडे उशिरा विचारलं.

हीथ्रोवर अम्मी पुन्हा व्हीलचेअरवर बसल्या. शेजारीण बाईंनी दिलेली शाल त्यांच्या मांडीवर होती. अब्बांनी दाराची किल्ली काढून आमच्या हातात ठेवली. आम्ही ती परत त्यांच्या खिशात घातली.

सप्टेंबरात अब्बा पुतण्याला घेऊन मुंबईला गेले. संध्याकाळी फोन आला. नोंदवही पाहायला मिळाली होती. मोठ्या दादांचं नाव त्यात एकदा नाही, अनेकदा आहे. त्याच नावाची कितीतरी माणसं, कोकणची, काठेवाडची, बंगालची. त्यातलं आपलं कोणतं, ते कळायला मार्ग नाही.

"मग काय केलंत अब्बा?" आम्ही विचारलं.

"काय करणार? सगळ्यांसाठी दुआ केली." थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग आवाज बदलून म्हणाले, "पोरांना सुटी कधी आहे? या वेळी तुम्ही या. कौलं बदलून घेतलीत. आणि हो, यादी मी करून ठेवतो."